लिटरेट (इंग्रजी शब्द)

लिटरेट हे इंग्रजी भाषेतील विशेषण असून ‘ज्याला लिहिता-वाचता येते असा’ हा त्याचा आजचा रूढ अर्थ आहे. मराठीत त्यासाठी ‘साक्षर’ हा शब्द योजला जातो. ‘लिटरसी’ या भाववाचक नामाला ‘साक्षरता’ आणि ‘इल्लिटरेट’ या विरुद्धार्थी विशेषणाला ‘निरक्षर’ हे प्रतिशब्द आहेत. वरवर पाहता हा शब्द एका कौशल्याचे नाव वाटतो. परंतु शासकीय व सामाजिक व्यवहारात तो माणसांची दोन गटांत विभागणी करणारी रेषा ठरतो. ही रेषा कोठे ओढायची याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे आणि तिच्यासोबत साक्षरांची संख्याही बदलली आहे. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेरा व त्याच्या परिसरातील आदिवासी पाड्यांच्या उदाहरणावरून या शब्दाच्या मर्यादा विशेष स्पष्ट होतात.

व्युत्पत्ती

लॅटिन भाषेत ‘लिटेरा’ म्हणजे वर्ण किंवा अक्षर. त्यापासून ‘लिटेरातुस’ म्हणजे अक्षरे जाणणारा, विद्यासंपन्न असे विशेषण झाले. ‘लेटर’ आणि ‘लिटरेचर’ हे शब्दही याच मुळातून आलेले आहेत. मध्ययुगीन युरोपात ‘लिटेरातुस’ याचा अर्थ लॅटिन जाणणारा असा होता. आपल्या बोलीत हिशेब लिहिणारा, पत्र वाचणारा व्यापारी लॅटिन येत नसल्यास या शब्दाच्या कक्षेबाहेर राहत असे. म्हणजे या शब्दाच्या जन्मापासूनच त्याच्या पोटात ‘कोणती भाषा?’ हा प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडे संस्कृत न येणाऱ्या पण बखर लिहू शकणाऱ्या कारकुनाकडे शास्त्रीपंडित ज्या नजरेने पाहत, तिच्याशी याचे साम्य आहे.

इंग्रजीत ‘लिटरेट’ व ‘इल्लिटरेट’ ही विशेषणे पंधराव्या शतकापासून आढळतात. नामांची गोष्ट अधिक बोलकी आहे. अभाव दाखविणारे ‘इल्लिटरसी’ हे नाम सतराव्या शतकात रूढ झाले, तर ‘लिटरसी’ हे भाववाचक नाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. उणिवेला नाव आधी मिळाले, गुणाला नंतर.

मराठी प्रतिशब्द

‘साक्षर’ हा शब्द ‘स’ आणि ‘अक्षर’ यांच्या संयोगाने बनला आहे; अक्षरांसह असलेला तो साक्षर. ‘अक्षर’ म्हणजे ज्याचा क्षर होत नाही, जे झिजत नाही ते. मराठीत ‘अक्षर’ याचा हस्ताक्षर असाही अर्थ होतो (‘त्याचे अक्षर वळणदार आहे’). ही छटा इंग्रजी शब्दात नाही. संस्कृतात ‘साक्षर’ हा शब्द विद्वान या अर्थाकडे झुकतो. ‘साक्षरा’ ही अक्षरे उलट क्रमाने वाचली असता ‘राक्षसा’ असे होते, आणि या योगायोगावर बेतलेले एक सुभाषित शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात आले आहे. जनगणनेच्या व मोहिमांच्या भाषेत मात्र ‘साक्षर’ शब्दाने पांडित्याचा अर्थ टाकून दिला आणि तो किमान पात्रतेचा वाचक झाला. आज एखाद्या प्राध्यापकाला ‘साक्षर’ म्हटल्यास ती स्तुती ठरणार नाही.

विरुद्धार्थी शब्दांची मराठीत रेलचेल आहे: निरक्षर, अडाणी, अशिक्षित, अंगठाछाप, अंगठेबहाद्दर, अक्षरशत्रू. यांपैकी केवळ ‘निरक्षर’ हा तटस्थ शब्द आहे. ‘अडाणी’ या शब्दात न शिकलेला आणि अक्कल नसलेला हे दोन अर्थ एकत्र आले आहेत, आणि ही सरमिसळ भाषेत इतकी मुरली आहे की बोलणाऱ्याला ती जाणवतही नाही. शहरी मराठीत ‘इल्लिटरेट’ हा मूळ इंग्रजी शब्दच शिवीसारखा वापरला जातो, तेव्हाही हाच गोंधळ होतो.

याउलट मराठीने संस्कृतातून घेऊन जपलेला एक शब्द इंग्रजीला सहज पेलत नाही, तो म्हणजे ‘बहुश्रुत’. पुष्कळ ऐकलेला तो बहुश्रुत. इंग्रजीत अशा माणसाला ‘पुष्कळ वाचलेला’ म्हणावे लागते. कीर्तन, प्रवचन, ओवी आणि कहाणी यांच्याद्वारे ज्ञान मिळविणाऱ्या समाजात वाचता न येणे आणि काही न जाणणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी उतरवून घेतल्या व आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. आज त्या कविता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहेत. जनगणनेच्या तक्त्यात मात्र त्यांच्या कवयित्रीची नोंद ‘निरक्षर’ या रकान्यातच झाली असती.

अंगठा आणि सही

निरक्षरतेचे दृश्य चिन्ह म्हणजे अंगठा. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यानुसार ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या संज्ञेत खुणेचाही समावेश होतो. दस्तऐवजाच्या तळाशी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द लिहिण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. कायद्याच्या दृष्टीने ही खूण सहीइतकीच बंधनकारक. फरक इतकाच की सही करणाऱ्याने कागद वाचलेला असू शकतो, अंगठा उठविणाऱ्याने तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला असतो. जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली समाजात लग्नाच्या खर्चासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जमीनदाराकडे राबण्याची ‘लग्नगडी’ प्रथा होती. फेडलेले किती आणि राहिलेले किती हे ज्याच्या वहीत लिहिलेले असे, तोच ती वही वाचू शकत असे. १९४५ च्या वारली उठावाची कथा गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात सांगितली आहे.

रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५) या कादंबरीने हेच शब्द शीर्षकासाठी घेतले. साक्षरता मोहीम राबविण्याचे काम गळ्यात पडलेले शिक्षक आणि कागदोपत्री साक्षर होणारी गावे हा तिचा विषय आहे. पुढे तिच्यावर मराठी चित्रपटही निघाला. मोहिमेचे यश कसे मोजले जाते याविषयी अहवालांमध्ये जे सापडत नाही, ते या कादंबरीत सापडते.

सही करता येणे म्हणजे साक्षरता, हा समज अजूनही सर्वत्र आहे. जनगणनेच्या व्याख्येत तो बसत नाही. आपल्या नावाची चार-पाच अक्षरे चित्रासारखी गिरवू शकणारी व्यक्ती त्याच अक्षरांनी बनलेला दुसरा शब्द वाचू शकेलच असे नाही. येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. शिधावाटप दुकानातील यंत्रावर आता पदवीधरालाही अंगठाच टेकवावा लागतो आणि घासून गेलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखता आले नाहीत तर अडचण येते ती प्रामुख्याने हातांनी कष्ट करणाऱ्यांना.

जनगणनेतील व्याख्या

भारतात ‘लिटरेट’ शब्दाला नेमका शासकीय अर्थ जनगणनेमुळे मिळाला. १८८१ व १८९१ च्या जनगणनांमध्ये लोकसंख्येचे शिकत असलेले, साक्षर आणि निरक्षर असे तीन वर्ग केले होते. १९०१ पासून दोनच वर्ग उरले. १९११ मध्ये कसोटी अशी ठरविण्यात आली की मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता यावे. व्याख्या म्हणून हिला तोड नाही. तिच्यात लेखन आहे, वाचन आहे, समजणे आहे, आणि ज्याला लिहावे असा कोणीतरी दुसऱ्या गावी असणेही आहे. या कसोटीनुसार तेव्हाच्या हिंदुस्थानात साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६ टक्के भरले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासंबंधीचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले होते. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्येच राज्यभर सक्तीचे शिक्षण लागू केले होते आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा निर्णय घेतला.

स्वातंत्र्योत्तर जनगणनांमध्ये पत्र आणि मित्र दोन्ही मागे पडले. सध्याच्या व्याख्येनुसार ७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची, कोणत्याही एका भाषेत समजून लिहू आणि वाचू शकणारी व्यक्ती साक्षर होय. केवळ वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी व्यक्ती साक्षर धरली जात नाही. शाळेत गेलेले असणे आवश्यक नाही. ब्रेल लिपी वाचू शकणाऱ्या दृष्टिहीन व्यक्ती साक्षर मानल्या जातात. वयाची ७ वर्षांची मर्यादा १९९१ पासून साक्षरता दरासाठी वापरली जाते; त्यामुळे त्यापूर्वीचे आकडे नंतरच्या आकड्यांशेजारी ठेवताना वयोगट पाहणे आवश्यक असते. २०११ मध्ये महाराष्ट्राचा साक्षरता दर ८२.३४ टक्के होता. पुरुषांमध्ये तो ८८.३८ तर स्त्रियांमध्ये ७५.८७ टक्के होता.

या आकड्यांविषयी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. प्रगणक कोणाचीही वाचनाची परीक्षा घेत नाही. तो विचारतो आणि उत्तर नोंदवितो, तेही बहुधा कुटुंबातील एकाच व्यक्तीकडून. सून साक्षर आहे की नाही, हे सासरा सांगतो. शाळेतील मुलांबाबत ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीने याउलट मार्ग धरला. तिच्यात मुलासमोर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला जातो आणि ते प्रत्यक्ष काय वाचते ते पाहिले जाते. वरच्या इयत्तेत पोहोचलेली अनेक मुले दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत, हे या पाहणीने वारंवार दाखविले आहे. शाळेत नाव असणे आणि वाचता येणे यांतील अंतर त्यामुळे सार्वजनिक चर्चेत आले.

विस्तारत गेलेला अर्थ

युनेस्कोने १९५८ मध्ये साक्षर व्यक्तीची व्याख्या करताना दैनंदिन जीवनाविषयीचे छोटे, साधे विधान समजून वाचता व लिहिता येणे पुरेसे मानले होते. १९७८ मध्ये तिच्या जोडीला ‘कार्यात्मक साक्षरता’ आली. आपल्या समूहात वावरण्यासाठी लागणारे वाचन, लेखन व आकडेमोड तिच्यात अपेक्षित आहे. ८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन १९६७ पासून पाळला जातो.

महाराष्ट्रात प्रौढांच्या साक्षरतेचे प्रयत्न जुने आहेत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालविली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती इतर जिल्ह्यांत पसरली. गावातीलच शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवावे आणि गाव पूर्ण साक्षर झाल्यावर समारंभ करावा, असे तिचे स्वरूप होते. समारंभानंतर वाचायला काही हाती न आल्याने शिकलेली अक्षरे विसरली जाणे ही या व नंतरच्या बहुतेक मोहिमांची दुखरी बाजू राहिली. राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना १९८८ मध्ये झाली. सध्याच्या ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा’त १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी वाचन, लेखन व संख्याज्ञान या प्रत्येकी ५० गुणांच्या तीन भागांची १५० गुणांची चाचणी घेतली जाते. म्हणजे प्रौढांच्या बाबतीत तरी विचारण्याऐवजी तपासण्याची पद्धत आली आहे.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली ‘आजीबाईंची शाळा’ या संदर्भात उल्लेखनीय आहे. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन या शाळेत येत. वयाचा विचार करता नोकरी किंवा उत्पन्न हा तेथे हेतू असूच शकत नव्हता. मोहिमांचे वयोगट बहुधा १५ ते ३५ असे आखले गेले होते. त्यांतून वगळल्या गेलेल्या या स्त्रिया होत.

२०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने साक्षरतेच्या अर्थात समजून वाचणे, लिहिणे व आकडेमोड करणे यांबरोबर डिजिटल व आर्थिक साक्षरतेसारखी जीवनकौशल्येही अंतर्भूत केली आणि ९५ टक्के साक्षरता म्हणजे पूर्ण साक्षरता असे ठरविले. त्यानुसार गोवा राज्य ३० मे २०२५ रोजी पूर्ण साक्षर घोषित झाले. अर्थ विस्तारताना ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ मात्र पाच टक्क्यांनी आक्रसला आहे.

मराठीतील वापर

‘साक्षर’ हे विशेषण ‘असणे’, ‘होणे’ आणि ‘करणे’ या क्रियापदांसह येते. ‘साक्षर’ आणि ‘शिक्षित’ समानार्थी नाहीत. घरी अक्षरओळख झालेली व्यक्ती साक्षर असते पण औपचारिक अर्थाने शिक्षित नसते. ‘सुशिक्षित’ या शब्दात पदवी आणि शिष्टाचार दोन्ही अभिप्रेत असतात. संगणक-साक्षर, अर्थसाक्षरता, आरोग्यसाक्षरता, जलसाक्षरता हे सामासिक शब्द इंग्रजीच्या अनुकरणाने आले आहेत. त्यांत ‘अक्षर’ हे केवळ नावापुरते उरले असून ‘जाण’ एवढाच अर्थ शिल्लक आहे. जलसाक्षरतेऐवजी ‘पाण्याची जाण’ म्हटल्यास काहीही गमावले जात नाही. विशेषतः विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल हे अचूक सांगणारी शेतकरी स्त्री जर निरक्षर असेल, तर तिला ‘जलसाक्षर’ म्हणणे भाषेच्या दृष्टीने विचित्रच होय.

लिपी बदलली की साक्षरताही बदलते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील व्यवहाराचे कागद मोडी लिपीत लिहिले जात. तेव्हा मोडी वाचणारा पण छापील बाळबोध अडखळत वाचणारा माणूस सापडणे शक्य होते. आज स्थिती उलटली आहे. मराठीचे बहुसंख्य पदवीधर आजोबांच्या जमिनीचा मोडी कागद वाचू शकत नाहीत आणि त्यासाठी जाणकारापुढे जाऊन बसतात, जसा निरक्षर माणूस पत्र वाचून घेण्यासाठी शिक्षकाकडे जात असे.

पोशेरा परिसरातील स्थिती

पोशेरा हे मोखाडा तालुक्यातील गाव आहे. मोखाडा आणि शेजारचा जव्हार हे सह्याद्रीच्या उतरणीवरील डोंगराळ तालुके असून जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी या समाजांची येथे वस्ती आहे. त्यांपैकी कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा स्वतंत्र आकडा नाही. तो तालुक्यांच्या आकड्यांवरून काढावा लागतो. वसईसारख्या शहरी तालुक्याबरोबर मोखाड्याची सरासरी काढल्यास दोहोंचेही खरे चित्र झाकले जाते.

जनगणनेची व्याख्या ‘कोणत्याही भाषेत’ असे म्हणते. ही उदारता येथे कागदावरच राहते. घरात वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलल्या जातात, त्यांना स्वतंत्र लिपी नाही आणि पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत असते. म्हणून या परिसरात साक्षर होणे म्हणजे लिपी शिकणे आणि त्याच वेळी दुसरी भाषा शिकणे असे दुहेरी काम आहे. पुणे किंवा सातारा येथील मुलाला पहिलीत फक्त अक्षरे नवी असतात, येथील मुलाला त्या अक्षरांनी लिहिलेले शब्दही नवे असतात. हे ध्यानात न घेता दोघांच्या वाचनाची तुलना केली जाते.

याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, कोसबादच्या टेकडीवर, ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी या प्रश्नाला हात घातला होता. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे ग्राम बालशिक्षा केंद्र पुढे कोसबादला गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच रानात नेली. तिला ‘कुरणशाळा’ असे नाव मिळाले. मूल शाळेबाहेर राहण्याचे कारण त्याच्या आळसात शोधण्याऐवजी त्याच्या कामात शोधण्याची ही दृष्टी होती.

साक्षरतेचा येथील रोजचा उपयोग ठळक आहे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर किती दिवस मांडले गेले, शिधापत्रिकेत किती नावे आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाखल केलेल्या दाव्यात किती क्षेत्र लिहिले आहे, हे वाचता येणे आणि दुसऱ्यावर विसंबणे यांत थेट धान्याचा, मजुरीचा आणि जमिनीचा फरक पडतो. १९११ च्या व्याख्येतील मित्राच्या पत्राची जागा येथे हजेरीपटाने घेतली आहे.

स्थलांतर हा या चित्राचा दुसरा भाग होय. भात, नाचणी आणि वरीची पिके निघाली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी वसई, भिवंडी आणि त्यापलीकडे जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले सोबत गेली तर शाळेचे निम्मे वर्ष सुटते आणि नुकतीच बसू लागलेली अक्षरे पुसट होतात. आश्रमशाळा, हंगामी वसतिगृहे आणि गावात मागे राहिलेले आजी-आजोबा हे त्यावरचे उपाय होत.

या स्थलांतराचा परिणाम मोजणीवरही होतो. २०११ ची लोकसंख्या गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या संपूर्ण काळात जी व्यक्ती आपल्या नेहमीच्या निवासस्थानी नव्हती, तिची नोंद ती जेथे सापडली तेथे घ्यावी असा नियम आहे. त्यानुसार वीटभट्टीवर असलेले पोशेऱ्याचे कुटुंब भट्टीच्या गावी मोजले जाते, आणि मोखाडा तालुक्याच्या साक्षरता दरात त्या हंगामात गावी राहिलेल्यांचे वजन वाढते. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ असून लोकसंख्या गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे वीटभट्ट्यांच्या ऐन हंगामात, होणार आहे.